३ लाख ४२ हजार किलोमीटर पळालेली गाडी आणि चार-पाच ठिकाणची गळती: दुरुस्त करायची की बदलायची?

आधी दोन शब्द

हे प्रकरण आमच्या नात्यातलं आहे. गावाचं नाव, माणसांची नावं काढून टाकलीयत, गाडीची कंपनी आणि मॉडेल पण मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आलं की बोलणं गळतीवरून ब्रँडवर जातं. एवढं सांगतो की २००९ ची सात सीटर डिझेल आहे, अडीच लिटरचं कॉमन रेल इंजिन, टर्बो, मागच्या चाकांना ड्राइव्ह. माझं मेकॅनिकलचं डिप्लोमा झालंय आणि मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे. गॅरेजवाला नाही मी, त्यामुळं ह्यात माझ्याही चुका आहेत, त्या जिथल्या तिथं लिहितो.

पार्श्वभूमी

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची. कराडच्या बाजूला राहतात, शिक्षक होते, आता रिटायर्ड, थोडा ऊस आहे. गाडी २००९ च्या नोव्हेंबरला नवी घेतलेली. पहिली आठ-नऊ वर्षं भरपूर पळाली, भाऊबंदांची लग्नं, पंढरपूर, कोल्हापूर, पुणे, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तरी हीच. नंतर वापर कमी झाला, महिन्याला साधारण हजार किलोमीटर. त्यातली निम्मी धाव चिपळूणची, कारण ताईला तिकडं दिलीय आणि काकूंचा जीव नातीत अडकलेला. कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून शंभरेक किलोमीटर. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीयत, बुटक्या गाडीत बसता-उठता येत नाही, ह्या गाडीची सीट बरोबर उंचीला आहे. ही गोष्ट नंतर लई महत्त्वाची ठरली म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

गळती नवी नव्हती. दोन-तीन वर्षं शेडच्या फरशीवर डाग पडायचे, अण्णा तेल बघून वरनं ओतायचे. २०२२ मध्ये एका गॅरेजनं गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं बदललं, आता उतरवलाच आहे तर म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट पण टाकली, १९ हजार घेतले. चार महिन्यांनी डाग परत सुरू.

प्रसंग

ऑगस्ट २०२३. चिपळूणहून परत येताना पोफळी सोडून घाटाचा चढ लागला आणि टेंपरेचरचा काटा वर जायला लागला. गाडीत अण्णा, काकू, सहा वर्षांची नात आणि चालवायला गावातला पोरगा. पाऊस, धुकं, मोबाईलला रेंज नाही. पोरानं गाडी बाजूला घेऊन लगेच बंद केली आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं नाही, ह्या दोन गोष्टींसाठी मी त्या पोराला आजही मानतो. गरम झाकण उघडलं असतं तर उकळतं पाणी तोंडावर आलं असतं, आणि तसंच दामटत घाट चढला असता तर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकलं असतं आणि हे प्रकरण तिथंच संपलं असतं. दीड तास थांबले, पाणी भरलं, हळूहळू वर आले. काकू त्या दीड तासाबद्दल अजून बोलतात.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून दादाचा, म्हणजे अण्णांच्या मुलाचा फोन. "बास झालं आता, ही गाडी विका, मी हप्ते भरतो." अण्णा म्हणाले, "अरे पण इंजिन एकदम गोड आहे तिचं." मला विचारलं तेव्हा मी गाडी न बघता फोनवरच दादाच्या बाजूनं बोललो. ही माझी पहिली चूक.

तीन ठिकाणचे आकडे

पुढच्या आठ दिवसांत अण्णांनी तीन ठिकाणी गाडी दाखवली.

गावाजवळच्या मिस्त्रींनी खाली वाकून बघितलं, सगळं काळं-चिकट झालेलं, म्हणाले इंजिन खोलायला लागेल, रिंगा-पिस्टन, सगळी सीलं, हेडचं काम, १ लाख १५ हजार धरून चला. सर्व्हिस सेंटरनं छापील एस्टिमेट दिलं १ लाख ८६ हजारांचं, त्यात अख्खा स्टेअरिंग रॅक (पुढची चाकं वळवणारा भाग), रेडिएटर, वॉटर पंप, परत क्रँक सील, सस्पेन्शनचे बरेच पार्ट. तिसऱ्यानं सांगितलं काय करू नका, जाडं ऑइल टाका, गळतीवर मिळणारी बाटली ओता आणि चालवा.

गाडीची किंमत विचारली तर एक्स्चेंजमध्ये बोनस धरून २ लाख १० हजार, आणि गावातल्याच एकानं आहे तशी २ लाख ६० हजारांना मागितली.

आता आपल्याकडं सगळे एक हिशोब सांगतात, दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेली की गाडी काढा. एक लाख शहाऐंशी हजार भागिले दोन लाख साठ हजार केलं की उत्तर सरळ येतं, विका. दादा हेच म्हणत होता आणि त्याचं गणित चुकीचं नव्हतं. चूक होती ती त्यातल्या वरच्या, म्हणजे दुरुस्तीच्या आकड्यात. तिघांपैकी कुणीच गळती नेमकी कुठनं आहे हे शोधलं नव्हतं, तिघांनी चिकट झालेलं इंजिन बघून अंदाज सांगितला होता. त्याच नियमात नंतर खरा आकडा घातला तर तोच नियम गाडी ठेवा म्हणाला. म्हणून माझं आजचं ठाम मत आहे की तपासणी झाल्याशिवाय दुरुस्त का बदल ह्या प्रश्नावर घरात चर्चासुद्धा करू नये, उगाच माणसं दुखावतात. आमच्याकडं बाप-लेक चार दिवस बोलत नव्हते.

पर्याय काय काय होते

नवी गाडी. सात सीटर डिझेल, काकूंना बसता येईल अशी, ऑन रोड साडेचौदा लाखांच्या आसपास. जुनी देऊन आणि साठवलेले थोडे घालून १० लाखांचं कर्ज. ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता २०,७५८ रुपये, म्हणजे वर्षाला जवळजवळ अडीच लाख. पाच वर्षांत नुसतं व्याज २ लाख ४५ हजारांच्या वर. शिवाय इन्शुरन्स कंपन्या आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) काढताना पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के घसारा धरतात, पाच वर्षांनी ५० टक्के. महिन्याला हजार किलोमीटरसाठी हे जड आहे. पण ह्या पर्यायाच्या बाजूनं एक मोठी गोष्ट होती, ती पुढं सांगतो.

सेकंडहँड. पाच-सहा वर्षांची, सात लाखांपर्यंत. अण्णांना ही कल्पना अजिबात आवडली नाही आणि मला त्यांचं पटलं. आपल्या गाडीचं सगळं दुखणं आपल्याला माहीत आहे, बाजारातल्या गाडीचं मीटर खरं का मागं फिरवलेलं हेसुद्धा माहीत नसतं.

जाडं ऑइल आणि बाटली. १५डब्ल्यू४० च्या जागी २०डब्ल्यू५० टाकलं तर थोडे दिवस गळती कमी दिसते हे खरं. सील मऊ करणारी औषधं पण मिळतात, कडक झालेलं रबर थोडं फुगतं. पण फाटलेलं सील किंवा तडा गेलेली टाकी त्यानं सांधत नाही. कूलंटमध्ये टाकायची लीक-बंद पावडर तर रेडिएटरच्या बारीक नळ्या पण बुजवते. आणि इथंच कळलं की वर्षभरापूर्वी कुणीतरी रेडिएटरमध्ये हळद टाकली होती. ट्रक ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती आहे ही, रस्त्यात अडकल्यावर पुढच्या गावापर्यंत पोचायला ठीक आहे. पण नंतर रेडिएटर धुवायचा असतो, तो धुतलाच नाही.

विकून गाडीच न ठेवणं. हा पर्याय मीच काढला, लागेल तेव्हा भाड्यानं बोलवायची. हिशोबात हा सगळ्यात स्वस्त होता. काकूंनी एका वाक्यात बाद केला, "पोरीकडं जायला मी कुणाच्या दारात उभी राहायची?" ह्यावर मला बोलता आलं नाही, आणि बोलायला पण नको होतं.

आजूबाजूच्यांनी एक भीती घातली होती की डिझेल गाड्या दहा वर्षांनी बंदच होणार. ते दिल्ली-एनसीआरचं आहे, २०१५ ला एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) आदेश आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टानं तो कायम केला, तो तिथल्यापुरता. आपल्याकडं खाजगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते, नंतर गाडी दाखवून, फी आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून कारला ही फी ५ हजार झाली होती. म्हणजे नोव्हेंबर २०२४ ला पासिंग करायचं होतं, हे हिशोबात घेणं भाग होतं.

तपासणी

मी तीन दिवस रजा टाकून गेलो. पहिलं काम, इंजिन आणि खालचा भाग डिझेल-शाम्पूनं धुऊन कोरडा करून घेतला, सहाशे रुपये. मळ असताना गळती शोधणं म्हणजे अंधारात सुई शोधणं, कारण तेल वरनं गळतं, वाऱ्यानं मागं जातं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब होऊन पडतं. थेंब जिथं पडतो ती जागा चोर नसते.

दुसरं, शेडमध्ये फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला, चाकांच्या जागा खडूनं आखल्या आणि रोज त्याच जागी गाडी लावायला सांगितलं. सकाळी डागांचा रंग, वास बघायचा. काळं-तपकिरी ते इंजिन ऑइल. हिरवट किंवा गुलाबी, गोडसर वासाचं ते कूलंट. लालसर पातळ ते पॉवर स्टेअरिंगचं. जाडं आणि गंधकासारखा घाण वास येतो ते गिअर किंवा डिफरन्शिअलचं (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा). पातळ, जवळजवळ बिनरंगी आणि चाकाच्या आतल्या बाजूला दिसलं तर ब्रेक ऑइल, मग गाडी जागची हलवायची नाही, बाकी सगळं नंतर. आमच्याकडं पहिल्या तिन्ही प्रकारचे डाग होते, गिअरच्या वासाचा नुसता ओलावा, ब्रेकचं काही नव्हतं.

मग साताऱ्यातल्या एका डिझेलवाल्या मिस्त्रींकडं नेली, त्यांच्याकडं प्रेशर टेस्टर आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजायचं गेज आहे. आधीच सांगितलं की आज दुरुस्ती नाही, फक्त तपासायचे पैसे घ्या. त्यांना जरा विचित्र वाटलं पण कबूल झाले. धुण्याचे धरून ४,८०० रुपये गेले आणि ह्या अख्ख्या प्रकरणातले सगळ्यात कामी आलेले पैसे हेच.

गाडी गरम झालेली असल्यामुळं हेड गॅस्केट (हेडच्या खालचं पॅकिंग) हा पहिला प्रश्न होता. कूलंटच्या टाकीत बुडबुडे नाहीत, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही. हीटर प्लग काढून त्या भोकांतनं कॉम्प्रेशन घेतलं, २८, २७.५, २८ आणि २६ बार. चारही सिलेंडर जवळजवळ सारखे. म्हणजे रिंगा-पिस्टनचा १ लाख १५ हजारांचा विषय इथंच संपला. अण्णा बाजूला खुर्ची टाकून बसले होते, आकडे ऐकून त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं.

मग गळती. धुतलेल्या इंजिनावर टाल्कम पावडर मारून वीस मिनिटं चालू ठेवलं. पावडर ओली झाली ती टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यात, तिथनं तेलाची धार इंजिनाच्या पाठीवरनं खाली येऊन बरोबर गिअरबॉक्सच्या जोडावर टपकत होती. खालनं बघणाऱ्याला शंभर टक्के क्रँकचं सील वाटणार. म्हणजे २०२२ चे ते १९ हजार चुकीच्या जागी गेले होते, सील तेव्हाही बहुतेक ठीकच असणार.

मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "पॅकिंग बदलून देतो, पण ते कशामुळं फुटलं ते बघू." ब्रीदरचा पाईप काढला तर आत डांबरासारखा गाळ, काडी जाईना. इंजिनात पिस्टनच्या कडेनं थोडा गॅस खाली उतरतोच, नव्या गाडीत पण, तो ह्या ब्रीदरमधनं बाहेर जायचा असतो. वाट बंद झाली की आत दाब वाढतो आणि तेल जिथं कमजोर जागा मिळेल तिथनं बाहेर ढकललं जातं. अशा वेळी नवं सील टाकलं तरी काही दिवसांनी तिथनं नाहीतर शेजारनं गळणार. ब्रीदर मोकळा ठेवून परत चालू केलं तर धार निम्म्यानं कमी झालेली डोळ्यांनी दिसली.

कूलंटची सिस्टिम पंपानं एक बार दाबाला धरली तर काटा पाच मिनिटांत उतरला. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातनं थेंब येत होते, ते भोक त्यासाठीच असतं, आतलं सील गेलं की तिथनं कळतं. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिक टाकीला केसाएवढा तडा. आणि आत हळद-क्षार मिळून निम्म्या नळ्या बुजलेल्या, बरीच वर्षं साधं पाणी ओतल्याचा परिणाम.

सर्व्हिस सेंटरनं रॅकचे ३८ हजार लावले होते. रॅकच्या दोन्ही रबरी टोप्या सोडून बघितल्या, आत कोरडं ठणठणीत. गळती रिटर्न पाईपच्या क्लॅम्पची, रबर कडक होऊन चिरलेलं.

ह्या सगळ्यात घाईचं काय असेल तर ते क्रँकचं पुढचं सील. फार गळत नव्हतं, नुसतं ओलं होतं, पण ते तेल टायमिंग बेल्टला (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याला) लागायला लागलेलं आणि बेल्ट बदलून सव्वा लाख किलोमीटर झालेले. तेल लागलेला बेल्ट कमजोर होतो, चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग खरंच इंजिन खोलावं लागतं. सगळ्यात कमी गळणारी जागा सगळ्यात धोक्याची होती. डिफरन्शिअलच्या पिनियन सीलला थोडा घाम होता, तो नोंदवून सोडून दिला.

शेवटी चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. हातोडीनं टकटक करत पुढनं मागपर्यंत, आवाज सगळीकडं भरीव. गंज वरवरचा, ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्याला रुपयाएवढं भोक. चासी कुजलेली निघाली असती तर मी स्वतः गाडी विकायला लावली असती, बाकी सगळं बदलता येतं.

निर्णय

रविवारी सगळे बसलो, दादा पुण्याहून आला. मी कागदावर लिहून नेलं होतं. खरा खर्च पन्नास हजारांच्या आसपास, ठरवलेली मर्यादा ७५ हजार, त्याच्या वर गेलं तर काम थांबवून परत बसायचं.

दादानं सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "गळती थांबेल, एअरबॅगचं काय?" मी आधी म्हटलेली मोठी गोष्ट ती हीच. आपल्याकडं नव्या कारला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून. ही २००९ ची खालच्या व्हेरिएंटची गाडी, दोन्ही नाहीत. कितीही सील बदला, त्यात ते येणार नाही. ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं. दुरुस्तीच्या बाजूनं बोलणारे हा मुद्दा टाळतात असं मी बघितलंय, मी पण कागदावर तो लिहिला नव्हता.

तासभर बोलून जे ठरलं ते असं. गाडी आत्ता दुरुस्त करायची, पण अजून पंधरा वर्षं चालवू असं कुणी धरायचं नाही. रात्री आणि दाट धुक्यात घाट नाही. मागच्या सीटवर पण बेल्ट. आणि अण्णांनी दर महिन्याला १० हजारांची आरडी लावायची, पुढची गाडी कमी कर्जात घ्यायला. दादानं अट घातली की गिअरबॉक्स, इंजेक्टरचा सेट किंवा हेड गॅस्केट ह्यातलं काही निघालं तर एक रुपया न घालता विकायची, अण्णांनी ते गाडीच्या डायरीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

काम कसं झालं

दोन टप्प्यांत करून घेतलं. आधी फक्त ब्रीदर साफ, नवा पाईप आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ३,४०० रुपये. मग गाडी गावातल्या गावात, सपाटीला, पाणी आणि काटा बघत थोडी चालवली, तेलाच्या बाबतीत निदान बरोबर आहे का कळावं म्हणून.

दुसऱ्या टप्प्यात पुढची बाजू एकदाच उघडली. बेल्ट, टेन्शनर, पुढचं सील, वॉटर पंप सगळं एका मजुरीत, वेगवेगळं केलं असतं तर मजुरी दोनदा. नवा रेडिएटर ९,८००, पंप ४,६००, बेल्टचा सेट साडेसात हजार, सील फक्त ४५० रुपयांचं. थर्मोस्टॅट, होज पाईप, स्टेअरिंगचा रिटर्न पाईप, ऑइल-फिल्टर. कूलंट तयार मिक्स, ह्यापुढं नळाचं पाणी नाही. थर्मोस्टॅटच्या घराचा एक बोल्ट गंजून तुटला, तो ड्रिल करून काढायला १,५०० जास्तीचे. तपासणी धरून एकूण ५३,९५० रुपये, म्हणजे नव्या गाडीचे पावणेतीन हप्तेसुद्धा नाहीत. जुने पार्ट पोत्यात भरून परत आणले, पंपाचं सील बोटानं दाबलं तर तुकडे पडले.

पुढं काय झालं

तीन आठवड्यांनी अण्णांचा फोन, पुठ्ठ्यावर परत काळा डाग. खरं सांगतो, पोटात गोळा आला, दादा आता काय म्हणेल हेच डोक्यात. बघितलं तर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातलं अर्धगोल रबर, तिथं सिलिकॉन लावतात, ते नीट सुकायच्या आत त्याच संध्याकाळी गाडी चालवली होती. मिस्त्रींनी परत पैसे न घेता साफ करून लावलं आणि ह्या वेळी गाडी अख्खा दिवस तिथंच उभी ठेवली. त्यानंतर तो कोपरा आजपर्यंत कोरडा आहे.

आधी हजार किलोमीटरला ७०० मिली तेल ओतायला लागायचं, नंतर दीडशेच्या आसपास आलं. कूलंटची पातळी एका रेषेवर. कुंभार्ली त्यानंतर कितीतरी वेळा चढली, काटा मध्याच्या वर गेला नाही. नोव्हेंबर २०२४ ला पासिंग झालं, २०२९ पर्यंत आरसी मिळाली, त्याआधी पायाखालच्या पत्र्याला ठिगळ आणि हेडलाइट बदलले. मधल्या काळात बॉल जॉइंटला ६,४०० आणि एक बॅटरी. टायर घातले, पण ते कुठल्याही गाडीला लागलेच असते.

वेगळं काय करता आलं असतं

२०२२ मध्ये गिअरबॉक्स उतरवण्याआधी इंजिन धुऊन बघायला हवं होतं. सहाशे रुपयांच्या कामात १९ हजार वाचले असते, आणि मुख्य म्हणजे अण्णांचा गॅरेजवरचा विश्वास उडाला नसता, कारण त्यामुळंच पुढं वर्षभर त्यांनी कूलंटकडं पण दुर्लक्ष केलं. सगळे सारखेच, असं म्हणायला लागले होते.

वरनं तेल-पाणी किती ओतलं ह्याची नोंद ठेवायला हवी होती. पाणी दर आठवड्याला कमी होतंय हे चालवणाऱ्या पोराला माहीत होतं, तो मुकाट भरत होता, त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याच्याकडं ते ज्ञान होतं आणि घाटात गाडी बंद पडेपर्यंत ते कुणाच्या उपयोगी आलं नाही.

माझ्या बाजूनं, तीन ठिकाणचे आकडे घरात पसरायच्या आधी मी जायला हवं होतं. १ लाख ८६ हजार हा आकडा एकदा दादाच्या कानावर गेल्यावर पुढचं सगळं बोलणं त्या आकड्याभोवती फिरलं. आणि सुरक्षेचा मुद्दा मी स्वतःहून कागदावर पहिल्या ओळीत लिहायला हवा होता. तो दादाला काढावा लागला ह्याचं मला वाईट वाटतं. महिन्याला दोन हजार किलोमीटर धाव असती किंवा रात्रीचा घाट टाळता येणार नसता तर मी आज त्याच्या बाजूनं मत दिलं असतं, कॉम्प्रेशन कितीही चांगलं असलं तरी.

टप्पे केले हे बरोबर केलं. पण टप्प्यांमध्ये फक्त आठ दिवस ठेवले, महिनाभर सपाटीला चालवून बघितलं असतं तर सिलिकॉनची भानगड दुसऱ्या टप्प्याच्या आधीच दिसली असती.

आजची स्थिती

मीटर ३ लाख ६४ हजारांवर आहे. आरडीत दोन लाखांवर रक्कम जमलीय, दादा अधूनमधून शोरूमला जाऊन काकूंच्या उंचीच्या सीटा बघून येतो, सोबत टेप घेऊन जातो. पुठ्ठा शेडमध्ये अजून आहे, तिसरा आहे हा, अण्णा दर एक तारखेला त्यावर पेनानं तारीख घालून फोटो पाठवतात. ह्या महिन्याच्या फोटोत मागच्या बाजूला रुपयाएवढा नवा डाग दिसतोय. अण्णांनी बोट लावून वास घेतला, गंधकासारखा येतो म्हणाले, म्हणजे २०२३ ला नोंदवून सोडून दिलेलं ते पिनियनचं सील. येत्या रविवारी जाऊन डिफरन्शिअलचं ऑइल किती उतरलंय ते बघतो, तोपर्यंत चिपळूणला जाऊ नका म्हणून सांगितलंय.